आमवात : एका रोगनामाचा शोध

नारायण पेठेंतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत, हें पुण्यांतील वाचकांस सांगावयास नको. वाडा उतरला कीं त्याच्या माळ्यावरील बासनें खालीं येतात. त्यांत निवाडे, वतनपत्रें किंवा मोडी पत्रव्यवहार असला तर संग्राहकांची धांव लगेच पडते. हिशेबाचीं दप्तरें असलीं तरी कोणी ना कोणी विचारपूस करितो. परंतु वैद्यकाचें बाड निघालें तर त्यास बहुधा कोणी वाली नसतो. त्यांत सनावळी नसते, राजकारण नसतें, पुष्कळदां लिहिणाराचें नांवही नसतें. अशा बाडांस इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत एका रोगनामाच्या आधारें विचारांत घेणार आहों. तें रोगनाम म्हणजे ‘आमवात’.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास आमचीच एक चूक कारण झाली. ती आरंभींच सांगून टाकणें बरें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, शेजारच्या एका वाड्यांतील कांहीं सुटीं पानें यादी करण्यासाठीं आमच्याकडे आलीं. पानें दहाबारा, आरंभ नाहीं, शेवट नाहीं, लेखनशक नाहीं, मध्यें ‘आमवातचिकित्सा’ एवढा मथळा. आम्हीं मोनियर विल्यम्स ह्यांचा कोश उघडला. त्यांत आमवात शब्दाचा अर्थ मलावष्टंभ, आंतड्यांचें जाड्य व पोट फुगणें असा दिलेला आहे. त्यावर विसंबून आम्हीं पानांवर ‘उदररोग’ अशी चिठी लावली आणि गठ्ठा परत केला.

त्याच वर्षीं आमच्या वडील बहिणीच्या हातांचीं बोटें सुजूं लागलीं होतीं. सकाळीं मूठ वळत नसे. घरांत सर्वांचें मत एकच : वात आहे, तेल चोळा. तेल चोळण्यांत दोन वर्षें गेलीं. पुढें ह्या रोगांतील तज्ज्ञाकडे नेलें तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, ह्या दुखण्यांत पहिले कांहीं महिनेच मोलाचे असतात. तोंपर्यंत उजव्या हाताचीं बोटें कायमचीं वांकडीं झालीं होतीं. ज्या पानांवर आम्हीं पोटाच्या रोगाची चिठी लावली होती, त्यांतच ह्या जातीच्या दुखण्यास प्रथम वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्यावा, पोटीस बांधावयाचें तेंही तेलतुपावांचून बांधावें, असें लिहिलेलें होतें. वाळूच्या शेकानें बहिणीचीं बोटें वांचलीं असतीं असा आमचा दावा नाहीं. परंतु सर्व वात एक नव्हे, एवढें तरी त्या पानांवरून कळलें असतें, आणि आम्ही योग्य ठिकाणीं लौकर गेलों असतों. ह्या खंतीपोटीं आम्हीं पुढें ह्या शब्दाचा माग काढिला. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

१. संहितांतील वातरक्त

चरक व सुश्रुत ह्या दोन्ही संहितांत सांध्यांच्या दुखण्यांचा विचार मुख्यतः दोन प्रकरणीं येतो. एक वातव्याधींचें, दुसरें वातरक्ताचें. आमवात नांवाचें स्वतंत्र निदान ह्या ग्रंथांत नाहीं. चरकाच्या चिकित्सास्थानाचा एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा आहे. तेथें ह्या रोगास खुड, वातबलास व आढ्यवात अशीं आणखी नांवें दिलीं आहेत. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुकुमार प्रकृतीचीं, सुखानें बसून खाणारीं व घोडे, उंट ह्यांवरून फिरणारीं माणसें ह्या रोगास बळी पडतात, असें चरकाचें म्हणणें. रोग हातापायांच्या लहान सांध्यांत घर करितो. त्याचा उत्तान प्रकार त्वचा व मांस ह्यांत असतो, गंभीर प्रकार आंत खोल शिरतो. सुश्रुतानें त्याच्या पसरण्यास उंदराच्या विषाची उपमा दिली आहे. उंदीर चावल्याचें विष जसें हळूहळू अंगभर जातें, तसा हा रोग पायाच्या मुळापासून, क्वचित् हाताच्या मुळापासून, वर चढतो.

आज वातरक्त म्हणजे गाउट असें समीकरण रूढ आहे. गाउटमध्यें रक्तांत यूरिक अॅसिड वाढतें, हें लंडनच्या अॅल्फ्रेड गॅरड ह्यांनीं १८४८ सालीं दाखविलें. श्रीमंतीचा रोग ही चरकाची खूण त्याशीं चांगली जुळते. परंतु चरकाचें वर्णन त्याहून विस्तृत आहे आणि त्यांत एकाहून अधिक व्याधि सामावल्या असाव्यात, असें आम्हांस वाटतें.

२. माधवकराचा अध्याय

आमवातास स्वतंत्र रोग म्हणून प्रथम उभें केलें तें इंदुकराचा पुत्र माधवकर ह्यानें. ह्याचा काल सामान्यतः इ. स. ७०० च्या सुमारास धरितात. त्याच्या ग्रंथाचें खरें नांव ‘रोगविनिश्चय’. लोक त्यास ‘माधवनिदान’ म्हणतात. तो बव्हंशीं संग्रहग्रंथ आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट ह्यांच्यांतील निदानवचनें निवडून त्यानें रोगवार लावलीं. परंतु पंचविसावा, म्हणजे आमवाताचा, अध्याय जुन्या संहितांत जसाचा तसा सांपडत नाहीं. संग्रह करणारा वैद्य जेव्हां परंपरेंत नसलेलें प्रकरण नवें घालतो, तेव्हां त्यानें तसे रुग्ण डोळ्यांनीं पाहिले असले पाहिजेत, हें अनुमान करण्यास हरकत नाहीं. हा ग्रंथ लौकरच देशाबाहेर पोंचला. अली इब्न सहल अल्-तबरी ह्यानें इ. स. ८५० मध्यें पुऱ्या केलेल्या अरबी ग्रंथांत हिंदी वैद्यकाचा सारांश दिला आहे, त्यांत चरक, सुश्रुत व वाग्भट ह्यांच्याबरोबर ‘निदान’ ग्रंथाचेंही नांव येतें.

माधवकराचें वर्णन थोडक्यांत असें. विरुद्ध आहार, मंद झालेला अग्नि, स्निग्ध भोजनावर लागलीच केलेला व्यायाम, अशा कारणांनीं न पचलेला रस, म्हणजे आम, तयार होतो. वायु त्यास कफाच्या स्थानांत ढकलतो. तो कमरेच्या व इतर सांध्यांत शिरला म्हणजे अंग ताठतें. अंग मोडून येणें, अरुचि, तहान, आळस, जडपणा, ताप, अपचन व अवयवांस सूज हीं सामान्य लक्षणें. रोग बळावला म्हणजे हात, पाय, डोकें, घोटे, कंबर, गुडघे व मांड्या ह्यांच्या सांध्यांवर वेदनायुक्त सूज येते, आणि आम ज्या जागीं जाईल ती जागा विंचू डसल्यासारखी ठणकते. पुढें उपद्रवांची मालिका आहे. तींत हृद्ग्रह म्हणजे हृदय धरल्यासारखें होणें हें एक, आणि विड्विबद्धता, जाड्य, आंत्रकूजन व आनाह हीं शेवटचीं. एका दोषाचा आमवात साध्य, दोहोंचा याप्य, आणि तिन्ही दोषांचा, सर्वांगास सूज आणणारा, कष्टसाध्य, असा शेवटीं निर्णय दिला आहे.

आतां कोशांतील अर्थाचा उलगडा होतो. मलावष्टंभ, जाड्य, पोट फुगणें हे तिन्ही शब्द माधवाच्या उपद्रवांच्या यादींतले शेवटचे शब्द आहेत. कोशकाराच्या हातीं रोगाचें शरीर न लागतां शेपूट लागलें, असें दिसतें. आम ह्या शब्दाचा पोटाशीं असलेला संबंध, व आमांश हा नित्याच्या बोलण्यांतील शब्द, ह्यांमुळें कोणासही शंका आली नसावी. आम्हांसही आली नाहीं. कोश हा वाटाड्या आहे, साक्षीदार नव्हे, हें मुलांस आयुष्यभर सांगणाऱ्या शिक्षकाकडून ही चूक व्हावी, ह्याची लाज वाटते.

३. हा रोग कोणता ?

येथें प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाहीं. पश्चिमेकडे ‘रुमॅटिझम’ हा शब्द सांध्यांच्या स्वतंत्र रोगास लागला तो गियोम द बायू ह्या फ्रेंच वैद्याच्या, त्याच्या मरणानंतर १६४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत. पुढें १८०० सालीं पॅरिस येथें लांद्रे-बोव्हे ह्यानें आपल्या प्रबंधांत नऊ स्त्रियांचें वर्णन केलें. त्यांच्या सांध्यांचा रोग गाउटच्या कुळांतला, पण त्याहून निराळा व नवा आहे, असें त्याचें मत होतें. ह्याच रोगास गॅरड ह्यांनीं १८५९ सालीं ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असें नांव दिलें. त्यापूर्वीं युरोपांत हा रोग होता कीं नव्हता, ह्याविषयीं विद्वानांत वाद आहे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अॅलाबामा प्रांतांतील कित्येक हजार वर्षांपूर्वींच्या मानवी सांगाड्यांवर ह्या रोगाच्या खुणा दाखविण्यांत आल्या. त्यावरून, हा रोग मूळचा नव्या जगांतला असून कोलंबसानंतर जुन्या जगांत आला, असा पक्ष मांडला गेला.

उलट पक्षीं आपल्या ग्रंथांची साक्ष काढली जाते. १९७७ सालींच तिघा संशोधकांनीं अमेरिकेंतील एका संधिवातविषयक नियतकालिकांत चरकसंहितेच्या आधारें हा रोग प्राचीन हिंदुस्थानांत होता असें प्रतिपादन केलें होतें. म्हणजे आमच्या माळ्यांवरील पोथ्या जगाच्या एका वादांत साक्षीदार ठरल्या आहेत. साक्षीदाराची उलटतपासणी करणें हें अशा वेळीं त्याच्या घरच्यांचेंच कर्तव्य आहे.

माधवाच्या वर्णनांत हातापायांचे सांधे, ताठरपणा, सर्वांगाची सूज, ताप, अन्नावरची वासना जाणें व बळावलेल्या रोगाचें दुःसाध्यत्व ह्या गोष्टी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या बाजूच्या आहेत. परंतु वेदना आमाबरोबर जागोजाग फिरणें, विंचवासारखा तीव्र ठणका, ताप व हृद्ग्रह ह्या एकत्र घेतल्या तर दुसराच रोग डोळ्यांपुढें येतो. तो म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गामागून, बहुशः लहान वयांत, येणारा संधिज्वर. ह्यांत सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांस इजा राहते. शिवाय रोग स्त्रियांत अधिक असणें, ताठरपणा सकाळीं विशेष असणें व बोटें कायमचीं वांकडीं होणें, ह्या रुमॅटॉइडच्या तीन ठळक खुणा माधवाच्या अध्यायांत नाहींत. तेव्हां आमचा निर्णय असा कीं, आमवात हें कोणत्याही एका आधुनिक रोगाचें नांव नसून, ताप, सूज व अग्निमांद्य ह्यांसह येणाऱ्या संधिरोगांच्या एका वर्गाचें नांव आहे. त्या वर्गांत रुमॅटॉइडचे रुग्ण असणें संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. माधवाचें यश निराळें आहे. केवळ झिजेनें व म्हातारपणानें दुखणारे सांधे आणि सर्व शरीरास ग्रासणारा सांध्यांचा रोग हे दोन नव्हेत, तीन नव्हेत, तर वेगवेगळ्या वाटेनें जाणारे विकार आहेत, हें त्यानें ओळखलें व त्यास नांव दिलें.

४. चिकित्सा, आणि पुण्यांतील पोथ्या

निदान निराळें तर चिकित्साही निराळी. अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्तानें आमवाताची जी क्रमवार चिकित्सा दिली तीच पुढील संग्रहग्रंथांत चालत आली : लंघन, कोरडा शेक, कडू-तिखट दीपक औषधें, रेच, औषधी स्नेहपान व बस्ति. सुंठ, रास्ना, गुळवेल, गुग्गुळ हीं नेहमींचीं द्रव्यें. एरंडेलाचा मान सर्वांत मोठा. आमवातरूपी हत्तीस तें सिंह होय असें म्हटलें आहे. तेव्हां स्नेह पोटांत चालतो, नव्हे हवा असतो. आरंभीं बाहेरून मात्र कोरडें ठेवावयाचें. दही, मासे, गूळ, दूध, मायाळू व उडदाचे पदार्थ हें अपथ्य. केवळ वातव्याधीस जेथें अभ्यंग प्रथम, तेथें आमवातास तो प्रथम नाहीं, हा भेद ग्रंथांत स्पष्ट असतां घरगुती व्यवहारांतून पार पुसला गेला. आमच्या घरचा दाखला वर दिलाच आहे.

हा भेद महाराष्ट्रापर्यंत पोंचविणारा मुख्य ग्रंथ ‘योगरत्नाकर’. त्याचा कर्ता अज्ञात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल कै. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं त्याचा काल इ. स. १६५० ते १७२५ ह्यांच्या दरम्यान ठरविला. नारायण पेठेंतून चार पावलें बुधवारांत गेलें म्हणजे आनंदाश्रम लागतो. महादेव चिमणाजी आपटे ह्यांनीं १८८८ सालीं स्थापिलेल्या ह्या संस्थेनें आपल्या ग्रंथमालेंत योगरत्नाकर छापला, आणि जो ग्रंथ वैद्यांच्या बासनांत होता तो विद्यार्थ्यांच्या हातांत आला. भांडारकर मंदिरांतील सरकारी संग्रहाच्या वैद्यक पोथ्यांची वर्णनात्मक सूची हरदत्त शर्मा ह्यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केली. सूचीचें काम किती कष्टाचें आहे तें ती चाळल्यावर कळतें; आणि अशी सूची घरोघरच्या बाडांची नाहीं, ही उणीव तितकीच जाणवते. छापील ग्रंथ आपणांस चिकित्सा कशी असावी तें सांगतो. वैद्याचें बाड ती प्रत्यक्षांत कशी होती तें सांगतें : कोणतें द्रव्य मिळत नव्हतें म्हणून बदललें, कोणता योग समासांत ‘अनुभूत’ म्हणून लिहिला, कोणता खोडला. हें दुसरें ज्ञान अन्यत्र मिळण्याजोगें नाहीं.

५. पोथींतील औषधें कसोटीला

विसाव्या शतकांत रोगाच्या मुळाविषयीं कल्पना बदलली. नॉर्वेंत वालर ह्यांस १९४० सालीं, व अमेरिकेंत रोझ आणि त्यांचे सहकारी ह्यांस १९४८ सालीं, ह्या रुग्णांच्या रक्तांत एक विशेष द्रव्य आढळलें. त्यावरून पुढें असें ठरत गेलें कीं, शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. १९४८ सालींच हेंच ह्यांनीं कॉर्टिझोनचा चमत्कार दाखविला व १९५० सालीं त्यांस इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्या औषधाचे दुष्परिणामही लौकरच उघड झाले. आज मुख्य औषध आहे तें मेथोट्रेक्सेट. कर्करोगासाठीं सिद्ध झालेलें हें औषध आपल्या देशाचे यल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्या देखरेखीखालीं अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत झालेल्या कामांतून निघालें. आठवड्यांतून एकदां, अल्प मात्रेंत तें संधिरोगास उपयोगीं पडतें हें १९८५ च्या सुमाराच्या चाचण्यांनीं पक्कें केलें.

कांहीं उत्साही मंडळी म्हणतात, हें सर्व माधवास ठाऊक होतें. आम म्हणजेच हा स्वतःवर उलटणारा दोष. आम्हांस हें मान्य नाहीं. आम म्हणजे न पचलेला रस. शरीर स्वतःशीं वैर करितें ही कल्पना त्या अध्यायांत नाहीं. जें पोथींत नाहीं तें तींत घालणें हा पोथीचा सन्मान नव्हे. पोथीचा सन्मान तिचें म्हणणें कसोटीस लावण्यांत आहे, आणि तें काम आमच्याच शहरांत झालें आहे.

पुण्यांतील सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेस ह्या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनीं १९९६ सालीं इंदापूर तालुक्यांतील भिगवण गांवीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनें, घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ४०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांस, म्हणजे शेंकडा १८.२ लोकांस, दुखणें आढळलें. परंतु त्यांत रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचें प्रमाण लोकसंख्येच्या शेंकडा अर्ध्याच्या आसपासच निघालें. लोक ज्यास एका शब्दानें ‘वात’ म्हणतात त्याच्या पोटांत किती वेगवेगळीं दुखणीं असतात, हें ह्या आंकड्यांनीं दाखविलें.

औषधांच्याही चाचण्या झाल्या. डॉ. चोप्रा व पुणें विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन ह्यांनीं सहकाऱ्यांसह २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या चाचणींत रुमॅटॉइडच्या १८२ रुग्णांना सोळा आठवडे अश्वगंधा, सालई, सुंठ व हळद ह्यांचें औषध किंवा तसेंच दिसणारें निःसत्त्व औषध, कोणास कोणतें तें न कळूं देतां, दिलें. एकंदरींत दोहोंतील फरक निर्णायक ठरला नाहीं. निःसत्त्व औषधानेंही पुष्कळांस बरें वाटलें. २०१२ सालीं १२१ रुग्णांवरील चोवीस आठवड्यांच्या चाचणींत एक आयुर्वेदीय योग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ह्या सौम्य आधुनिक औषधाच्या तोडीचा दिसला. २०१३ सालीं गुडघ्यांच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर सुंठ, गुळवेल, सालई वगैरेंचे योग वेदनाशमनांत प्रचलित औषधांच्या बरोबरीचे ठरले. मात्र कांहीं रुग्णांत यकृताच्या तपासणींत दोष दिसला. जुनें तें निरुपद्रवी, ही समजूत सोडली पाहिजे. आणि जुनें तें निरुपयोगी, हीही. संशोधकांनीं यश व उणीव दोन्ही छापलीं, हें आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. बाडाच्या समासांत ‘अनुभूत’ लिहिणारा व पुढें तो योग खोडणारा अज्ञात वैद्य ह्याच वाटेवरचा होता.

६. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वैद्यकाच्या पानांची नोंद करितांना रोगाचें नांव मूळांत असेल तसेंच लिहावें. त्याचा अर्थ निराळा व शंकाचिन्हासह द्यावा. आमच्यासारखी चिठी लावूं नये. दुसरी, सुटीं पानें छापील ग्रंथाशीं ताडून पाहावीं; छापिलाशीं जुळणारा भाग पोथीचें कूळ सांगतो, न जुळणारा भाग वैद्याचा अनुभव. तिसरी, समासांतील खुणा, खाडाखोड व जमाखर्चाच्या ओळी ह्यांची नक्कल अवश्य ठेवावी. आणि एक गोष्ट वाचक म्हणून नव्हे तर कुटुंबांतील माणूस म्हणून : घरांत कोणाचे सांधे सुजून सकाळीं ताठत असतील तर पोथी मागाहून चाळावी, वैद्यकतज्ज्ञास आधीं दाखवावें.

तो वाडा पुढें उतरला. पानें कोठें गेलीं ह्याचा आम्हीं शोध केला. घरच्या मंडळींस एवढेंच आठवतें कीं, पोटाच्या औषधांचे जुने कागद म्हणून तीं रद्दींत गेलीं. चिठी आमच्या अक्षरांतली होती. आमच्यापाशीं उरलें आहे तें त्या वेळीं केलेलें दीड पानाचें टिपण. तें मंडळाच्या संग्रहांत देत आहों. त्यावर ‘आमवात’ असें मूळचें नांव आतां लिहिलें आहे. विवेचनांत चूक आढळल्यास जाणत्यांनीं कळवावी.